दुसऱ्या डिस्कवरचा जवाब : तमाशापटांच्या हक्कदारांना खुलं पत्र

प्रति,
जुन्या मराठी तमाशापटांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते निर्माते, त्यांचे वारस आणि वितरक;
तसंच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा कारभार पाहणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कंधारची. आता नांदेडला शिक्षिका आहे, पण हे पत्र लिहितेय ते व्हिडिओ लायब्ररीवाल्याची मुलगी म्हणून. १९८६ पासून पुढची बारा वर्षं आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, कंधारला दुकान होतं. एक शटर, भिंतभर फळ्या, फळ्यांवर व्हीएचएस कॅसेटी, आणि कोपऱ्यात भाड्यानं द्यायचा कलर टीव्ही न व्हीसीआर. कॅसेटला दिवसाचे दहा रुपये. टीव्ही-व्हीसीआर रात्रभरासाठी नेला, तर सोबत तीन कॅसेटी. बारसं असो, जावळ असो, सुगीचा पैसा हातात आलेला असो, बैलगाडीत गोधडीवर टीव्ही ठेवून लोक वाडी-तांड्यावर घेऊन जायचे.

नवा हिंदी पिच्चर आला की आठ दिवस त्याच्यावर उड्या पडायच्या. नंतर तो फळीवर धूळ खायचा. तमाशापटांचं तसं नव्हतं. ते कधीच नवे नव्हते, त्यामुळे जुनेही झाले नाहीत. दादांची भाड्याची वही अजून माझ्याकडं आहे. त्यात सगळी नावं पुरुषांची, कारण खातं पुरुषाच्या नावावर. कॅसेट न्यायला मात्र पोरं यायची, मुठीत दहाची नोट घेऊन. कुणा बापानं पाठवलेलं असलं तर म्हणायची, "लावणीचा पिच्चर द्या." आईनं पाठवलेलं असलं तर म्हणायची, "बाईचा पिच्चर द्या." दादा दोघांनाही तीच कॅसेट द्यायचे.

मला जे सांगायचं आहे ते सगळं या दोन नावांत आहे. थिएटरात जो लावणीचा पिच्चर होता, तो घरी आल्यावर बाईचा पिच्चर झाला. तुमच्याकडं त्याचे हक्क आहेत, पण घरात त्याचं काय झालं हे तुमच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. ते सांगायला, आणि हे चित्रपट अख्खे, न कापता आमच्या घरात परत द्या असं मागायला, हे पत्र.

आमच्या भागात माळेगावची जत्रा मोठी. लोहा तालुक्यात, खंडोबाची. मार्गशीर्षात, येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या आसपास भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार, आणि तमाशाचे फड. आमचं घर दरवर्षी जायचं. पुरुष रात्री तिकीट काढून कनातीत. बाया राहुटीपाशी, चुलीवर भाकरी थापत, पोरं निजवत. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग असा पहाटेपर्यंत खेळ चालायचा, आणि त्यातलं सगळं बायांना ऐकू यायचं. ढोलकीची थाप, हलगी, घुंगरू, पुरुषांच्या शिट्ट्या. कनातीत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. चांगल्या घरची बाई तमाशाला जात नाही, एवढं वाक्य पुरेसं होतं. माझ्या आत्यानं अशा वीस-पंचवीस जत्रा काढल्या. तमाशा तिला तोंडपाठ होता आणि तिनं तो एकदाही पाहिलेला नव्हता.

१९८७ च्या दिवाळीत आत्या माहेरी आली. दादांनी माजघरात टीव्ही लावून दिला आणि पुरुष मंडळी ओसरीवर पत्ते खेळायला गेली. आई, आत्या, दोन चुलत्या, शेजारच्या पाच-सहा जणी, आणि आम्ही पोरी. पहिली लावणी सुरू झाली तशी आत्या म्हणाली, "आवाज बारीक कर गं." मला वाटलं, ओसरीवर ऐकू जाईल म्हणून लाजतेय. ती म्हणाली, "आवाज ऐकू ऐकूच म्हातारी झाले मी. आता मला बघू दे."

ते गाणं आम्ही जवळजवळ मुकं बघितलं. आत्याचं सगळं ध्यान त्या बाईच्या पायांकडं होतं. मग चेहऱ्याकडं. गाणं संपून ती आत गेली, भुईवर बसली आणि घुंगरू सोडायला लागली, तशी आत्या म्हणाली, "थांबव. परत लाव ते."

पुढं दादांच्याही एक गोष्ट ध्यानात आली. व्हीएचएसची पट्टी एकाच जागी फार वेळा मागं-पुढं केली, थांबवून ठेवली, की तिथं झिजते. चित्रावर मुंग्या येतात, आडव्या रेघा येतात. कुठली कॅसेट कुठं झिजली यावरून लोक कुठं थांबले ते कळतं. दादा दुपारी दुकान रिकामं असताना कॅसेटी तपासायचे, कोऱ्या कागदाला स्पिरिट लावून व्हीसीआरचं हेड पुसायचे. तमाशापटांच्या पट्ट्या दोन जागी झिजलेल्या असायच्या. एक लावणीवर, ते कुणालाही कळेल. दुसरी जागा लावणीनंतरची. बाई आत येते, आरशासमोर बसते, रंग पुसते, कुणीतरी येऊन काहीतरी लागट बोलतं. त्या जागा फारच झिजलेल्या. दादा म्हणायचे, "इथं एवढं कोण थांबूलालंय?" कोण थांबतंय ते आम्हा पोरींना चांगलं माहीत होतं.

या चित्रपटांना शहाणी माणसं भडक म्हणतात. रडके म्हणतात. योगायोगांची माळ, ढणढणीत पार्श्वसंगीत, जरा काही झालं की वीज कडाडते, कॅमेरा धावत जाऊन चेहऱ्यावर आदळतो. हे सगळं खरं आहे आणि मला ते सगळं आवडतं. तमाशाच मुळात बारीक आवाजातली कला नाही. हजारो माणसांच्या गर्दीत, मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तर रंग दाट लागतो, भुवई लांब काढावी लागते, हात खांद्यातून उचलावा लागतो. त्या बाईचं आयुष्य सांगणारा चित्रपट तिच्याच भाषेत बोलतो. तो संयत असता, तर पडद्यावरची बाई आणि तिची गोष्ट एकमेकींना अनोळखी वाटल्या असत्या.

शिवाय घरात बघणाऱ्या बायांना त्यातला मूळ पेच आतून ठाऊक होता. बाहेर हसरं तोंड ठेवायचं, आत येऊन ते पुसायचं. पाहुण्यांपुढं पदर सावरून चहाचा ट्रे न्यायचा आणि मोरीत जाऊन डोळे धुवायचे. आमच्या चुलतीला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

'पिंजरा' घ्या. व्ही. शांताराम, १९७२. संध्याबाई, श्रीराम लागू, निळू फुले. जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत. मुळात ही गोष्ट जर्मनीची. हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरून १९३० साली 'द ब्लू एंजल' निघाला, त्यात मार्लेन डीट्रिश होती, आणि तिथला प्राध्यापक इथं येऊन गावचा गुरुजी झाला. तमाशाचा फड गावाबाहेर काढायला निघालेला गुरुजी त्याच फडात हातात तुणतुणं घेऊन उभा राहतो. गाव तिकडं त्याचा खून झाला असं समजून त्याचा पुतळा उभारतं आणि शेवटी त्याच्याच खुनासाठी त्याला फाशी होते. पुस्तकांतून, लेखांतून मी वाचलं ते हेच, की ही एका आदर्श माणसाच्या पतनाची गोष्ट. आमच्या माजघरात ती कधीच तशी नव्हती. तिथं चर्चा चालायची चंद्रकलेची, फडातल्या त्या नाचणारणीची. गुरुजीला पुतळा मिळाला, तिला काय मिळालं? पहिल्यांदा अपमान कुणी कुणाचा केला? आई एकदा म्हणाली होती, "मास्तर पडला म्हणून सगळे रडूलालेत. ती तर खालीच उभी होती की पहिल्यापासून." आई सातवी शिकलेली. मी पुढं बी.ए. केलं, तरी यापेक्षा नेमकं काही मला सुचलेलं नाही.

'सांगत्ये ऐका'चंही तसंच. अनंत माने यांचा, १९५९ चा. पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला हे मराठी माणूस अभिमानानं सांगतो, आणि 'बुगडी माझी' अजून प्रत्येक गॅदरिंगला होतं. पण तो आहे काय? एका बाईवर पाटलानं केलेला अन्याय, आणि तिच्या पोरीनं तो गावापुढं, फडावर उभं राहून, सगळ्यांसमोर सांगणं. चार भिंतींत जे बोलता येत नाही ते रंगमंचावरून बोलता येतं, कारण तिथं ती 'सोंग' घेऊन उभी असते. त्यात काम केलेल्या हंसा वाडकरांनी पुढं आपल्या आत्मकथनालाही तेच नाव दिलं आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' काढला, स्मिता पाटीलला घेऊन. दादांनी 'भूमिका'ची कॅसेट तमाशापटांच्याच फळीवर ठेवली होती, शेजारी गुरुदत्तचा 'कागज के फूल'. नटनट्यांची फळी, म्हणायचे. समीक्षकांनी हे तीन चित्रपट एका फळीवर ठेवले नसते. दादांनी ठेवले, आणि एकीला 'सांगत्ये ऐका' आवडला की ते पुढच्या वेळी 'भूमिका' हातात द्यायचे.

परदेशातही अशी फळी आहे. १९९५ चा 'शोगर्ल्स' लास वेगासच्या नाचणारणीची भडक गोष्ट. थिएटरात सपाटून आपटला. त्या वर्षीच्या सर्वात वाईट चित्रपटाचा रॅझी पुरस्कार मिळाला आणि दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन आपल्या वाट्याचा रॅझी घ्यायला स्वतः हजर राहिला. मग तो चित्रपट घरोघरच्या कॅसेटींवर गेला आणि तिथं उभा राहिला. लोकांनी तो इतक्यांदा बघितला की संवाद पाठ झाले. १९६७ चा 'व्हॅली ऑफ द डॉल्स', झगमगाटात येऊन गोळ्यांच्या नादी लागलेल्या तीन मुलींचा. त्याचीही यथेच्छ टिंगल झाली होती. २०१६ मध्ये क्रायटेरियननं, म्हणजे जगभरचे अभिजात चित्रपट काढणाऱ्या कंपनीनं, तो स्वच्छ करून ब्लू-रेवर आणला. ज्याला हसले तो चित्रपटसुद्धा त्यांनी नीट जपला, पूर्ण दिला, त्याच्यासोबत टिपणं आणि मुलाखती दिल्या. आमच्या माजघरात तर कुणी हसलंही नव्हतं. मग आमच्या वाट्याला काय आलं?

आमच्या वाट्याला आलं ते सांगते.

कॅसेटी गेल्या, व्हीसीडी, म्हणजे चित्रपटाच्या डिस्क आल्या. एका व्हीसीडीवर सत्तर-ऐंशी मिनिटं मावतात, त्यामुळे चित्रपटाचे दोन तुकडे, लांब असला तर तीन. २००४ च्या सुमारास मी आत्यासाठी नांदेडहून एक जुना कृष्णधवल तमाशापट आणला. कंपनीचं नाव घेत नाही. त्यात सवाल-जवाबाचा मोठा सामना आहे. एका फडाची बाई कोडं घालते, सभा गप्प होते, ढोलकी थांबते, दुसरी बाई पदर खोचून पुढं येते, आणि पहिली डिस्क संपते. ज्यानं तुकडा पाडला त्यानं फक्त मिनिटं मोजली होती. दुसरी डिस्क लावली तर ती सुरू झाली सामना संपल्यावर, हारतुऱ्यांपासून. जवाब कापलेला. दुकानदारानं डिस्क बदलून दिली, तिच्यातही तेच. पाकिटावर नायिकेचा रंगवलेला फोटो होता, तोही दुसऱ्याच चित्रपटातला.

त्यानंतर किमती उतरल्या, २००७ मध्ये एका कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांवर आणली आणि घरोघरी डिस्क आल्या. पण तमाशापटांच्या जागी बाजारात आल्या निव्वळ लावण्यांच्या डिस्क. वीस चित्रपटांतून वीस गाणी कापून एका डिस्कवर. आज इंटरनेटवर तेच आहे. गाणं सगळ्यांना सापडतं. घुंगरू सोडणारी बाई सापडत नाही. पुन्हा एकदा बाईच्या पिच्चरमधून बाई काढून टाकली आणि लावणी ठेवली. माझी मोठी तक्रार ही आहे.

दुसरी तक्रार पायांची. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेत. आताचे टीव्ही आडवे, सोळास नऊचे. पडदा भरावा म्हणून एक तर चित्र ताणतात, आणि उंच सडपातळ नर्तिका बसकी दिसते. नाहीतर वरून-खालून कापतात. खालून कापलं की पाय गेले. लावणीत पाय गेल्यावर राहिलं काय? घुंगरांचा आवाज येतोय आणि पाय दिसत नाहीत. आत्याला हे सांगावं लागलं नाही. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "हे तर माळेगावासारखंच झालं. नुसतं ऐकू येतंय."

रंगांचंही बोलायला हवं. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि तांबडा मागं उरतो, म्हणून जुने चित्रपट गुलाबी पडलेले दिसतात. हिरवी नऊवारी तपकिरी दिसते. फिल्मच्या रिळांना आंबूस वास येऊन ती आक्रसतात, ते वेगळंच. आणि त्याआधीच्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचं काय होतं ते पुण्यानं जानेवारी २००३ च्या आगीत बघितलं; प्रभात फिल्म कंपनीचा केवढा ठेवा त्यात गेला. हे काम पुढं ढकलण्यासारखं नाही.

काम होऊ शकतं, हेही आम्ही पाहिलंय. २०१६ मध्ये 'पिंजरा' साफसूफ होऊन पुन्हा थिएटरात लागला. केंद्र सरकारनं राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम काढली आहे आणि २०२२ मध्ये सुमारे २२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केलेत. त्याच वर्षी संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडं गेलं. तर संग्रहालयाच्या साहेबांना माझं सांगणं, की त्या यादीत तमाशापटांना फक्त एखाद-दुसऱ्या गाजलेल्या नावापुरती जागा देऊ नका. अनंत माने यांचं एकट्याचं काम घेतलं तरी एक फळी भरेल. 'एक होता विदूषक' तर तुमच्याच महामंडळानं काढलेला आहे, १९९२ चा, पु. लं.नी लिहिलेला, जब्बार पटेलांनी केलेला, लक्ष्मीकांत बेर्डे यांचं आयुष्यातलं वेगळं काम. तमाशाच्या फडातून सिनेमात आणि सिनेमातून राजकारणात गेलेल्या माणसाची गोष्ट. त्याची हक्काची माणसं शोधायला तुम्हाला कुठं जायचीही गरज नाही.

आणि निर्माते-वारस मंडळी, तुम्ही म्हणाल, आता डिस्क कोण घेतं, प्लेअर तरी कुणाकडं आहे. मान्य. डिस्क काढा, पेनड्राइव्ह काढा, पैसे भरून उतरवून घेता येईल अशी फाइल द्या. फक्त ती आमच्या घरात राहील अशी द्या. आज दिसतंय आणि उद्या गायब, असं नको. चित्रपट पूर्ण द्या. मूळ चौकटीत द्या, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील, आम्हाला पाय हवेत. तुकडे पाडावेच लागले तर पाडणाऱ्यानं आधी चित्रपट बघावा. ढोलकी कुणी वाजवली, मागं कोण नाचलं, हे कागदोपत्री सापडत असेल तर ती नावं लिहा. त्यातल्या कितीतरी जणी खऱ्याखुऱ्या फडांतून आलेल्या होत्या. वाटल्यास जुन्या फडांतल्या म्हाताऱ्या कलावतींना बसवा आणि त्या चित्रपट बघत असताना काय बोलतात ते ध्वनिमुद्रित करून सोबत द्या. माळेगावच्या जत्रेत अशा आज्या अजून भेटतात. त्यांच्यासारखं भाष्य कुठला प्राध्यापक करणार नाही.

किमतीचं म्हणाल तर दादांच्या वहीचा दाखला देते. एकाच चुलतीच्या घरी एकच तमाशापट चार वर्षांत अकरा वेळा गेला आहे, दर वेळी दहा रुपये. दादांनी एकदा तिला विचारलं, वहिनी, एवढ्या पैशात नवी कॅसेट आली असती. ती म्हणाली, "मग मला वाटेल तवा बघता आली असती होय? आणा की मग." तिनं ती विकत घेतली, गव्हाच्या कोठीवर कापडात गुंडाळून ठेवली. ती कॅसेट आज माझ्या कपाटात आहे. पट्टीवर पांढरी बुरशी चढली आहे आणि २०१६ पासून जगात व्हीसीआर बनतच नाहीत.

आत्या आता ऐंशीच्या पुढं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दिसतं चांगलं. ऐकू मात्र कमी येतं. त्या सामन्यातलं कोडं तिला अजून पाठ आहे, आणि जवाब काय असेल याचे तिनं स्वतः रचलेले तीन पर्यायही. खरा कोणता, हे तिला बघायचं आहे. तुमच्यापैकी कुणाकडं त्या चित्रपटाची पूर्ण प्रिंट असेल तर नाव मी कळवते. फार तर चार मिनिटांचा तुकडा असेल.

आपली,
कंधारच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याची मुलगी
नांदेड